आधीच्या घरमालकाचे पत्र

ज्या पत्राला मी उत्तर दिले नाही ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. कशाखाली दडवलेले नाही, अगदी वरच आहे. पेन्सिल, गोळ्यांची पट्टी, कात्री, काहीही काढायचे झाले तरी आधी ते बाजूला सारावे लागते. तीन वर्षे आणि वर काही महिने मी ते दिवसातून दोनतीनदा बाजूला सारतो आहे.

पत्र दीड पानाचे आहे. लिहिणारी माझी नात, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीची मुलगी. मी तिचा मामाआजोबा. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून. पुढे ती घरातल्या सगळ्या पुरुषांच्या डोक्यावरून पाहू लागली, पण नाव बदलायचे कोणाला सुचले नाही.

मी देश सोडून या शहरात आलो त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तके दुरुस्त करायचे काम मिळाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केले. खळ, सुई, दोरा, पुठ्ठा. त्या कामात कोणाशी बोलावे लागत नाही म्हणून ते मला जमले. लग्न जमले नाही, कारण त्यात बोलावे लागते, असे ताई म्हणते. निवृत्तीनंतर नगरपालिकेने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत एक खोली मिळाली. तिसरा मजला, एक खिडकी, ओट्याएवढे स्वयंपाकघर, आणि दोन भिंती पुस्तकांच्या. खोली भाड्याची आहे. माझ्या नावावर या जगात एक टेबलसुद्धा नाही; वापरतो ते ग्रंथालयाने मोडीत काढलेले आहे.

चार वर्षांपूर्वी ताईचा फोन आला की बारकीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा काहीतरी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. ताई म्हणाली, ‘‘तू आहेस तिथे, म्हणून पाठवतोय. नाहीतर तिच्या आईचा जीव झाला नसता.’’ मी म्हटले, माझी खोली एवढीशी आहे. ताई म्हणाली, तिला कायमची ठेव असे कोणी म्हणत नाही, सोय लागेपर्यंत कोपऱ्यात पडून राहील. फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट केली ती अशी, की इमारतीची नियमपुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. नववा नियम असा होता: भाडेकरूकडे पाहुण्याने वर्षभरात चौदा रात्रींपेक्षा जास्त राहू नये.

बारकी आली त्या पहाटे, तिने बूटसुद्धा काढले नव्हते तेव्हा, मी तिला तो नियम वाचून दाखवला. आज लिहिताना कानाच्या पाळ्या तापतात. एवढ्या लांबून पोर आली होती, आणि मी चहाच्या आधी पुस्तिका हातात घेतली. माझा हेतू इतकाच होता की नंतर गैरसमज नको. ती म्हणाली, ‘‘चौदा रात्री खूप झाल्या हो, मामाआजोबा. तोपर्यंत खोली मिळेलच.’’ मग तिने पुस्तिका माझ्याकडून घेतली, चाळली, आणि विचारले की बाराव्या नियमात कासव पाळायला परवानगी आहे, तर मी कासव म्हणून राहिले तर चालेल का. मला हसायला थोडा वेळ लागला.

खोली लवकर मिळायला हवी होती, त्याला दुसरेही कारण होते. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना सहा महिन्यांचा परवाना मिळतो. त्या मुदतीत कायमचा पत्ता सरकारदप्तरी नोंदवला तर परवाना शिक्षण संपेपर्यंत वाढतो. नोंदवला नाही तर परत जायचे. पाहुणी म्हणून राहिलेला पत्ता चालत नाही, वसतिगृहातल्या खाटेचा चालत नाही. घरमालकाने सही करून दिलेला कागद लागतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या खोल्या होत्या, पण त्यांची यादी एवढी लांब होती की बारकीचा नंबर लागेपर्यंत तिची मुले शिकायला आली असती. हेही तिचेच वाक्य.

पहिले काही दिवस मी तिच्यासोबत खोल्या बघायला गेलो. तिने बोलावले नव्हते. म्हातारा माणूस बरोबर असला की घरमालकाला बरे वाटते, असे मला वाटले होते. एके ठिकाणी खोली चौथ्या मजल्यावर होती आणि रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली होती. प्रत्येकाच्या हातात कागदांची फाइल. पुढे उभ्या असलेल्या मुलाने बारकीला विचारले, ही तुमची कितवी? ती म्हणाली तिसरी. तो म्हणाला, मग तुम्ही अजून बालवाडीत, माझी ही एकोणिसावी. दुसऱ्या एका घरात खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतीवर सबंध इमारतीचे विजेचे मीटर होते. ते वाचायला महिन्यातून एकदा माणूस येईल, तेवढे चालवून घ्यावे लागेल, असे घरमालक म्हणाला. खिडकीचे काय, विचारल्यावर म्हणाला, दार मोठे आहे. तीही खोली आमच्या आधी कोणीतरी घेऊन टाकली. एका जाहिरातीतली खोली इतकी सुरेख आणि स्वस्त होती की बारकीला रात्री झोप लागली नाही. सकाळी त्या पत्त्यावर गेलो तर दातांचा दवाखाना. तिथल्या बाईंनी आम्हाला बसवून पाणी दिले आणि म्हणाल्या, या आठवड्यातले तुम्ही सहावे. आगाऊ पैसे पाठवले नाहीत ना, एवढेच विचारले.

एक खोली मात्र मिळाल्यातच जमा होती. दोन लहान मुले असलेली बाई होती, तिला घरात शांत मुलगी हवी होती. बारकी आत खोली पाहत होती तेव्हा बाईने मला विचारले, मुलगी शांत आहे ना? मला खोटे बोलायचे नव्हते. मी म्हटले, तिला मी लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आत्ताच पाहतो आहे, या आठ दिवसांत तरी शांत वाटली. बाईचा चेहरा बदलताना मला दिसला. कळवते, असे म्हणून तिने दार लावले.

जिना उतरताना मी बारकीला सगळे सांगून टाकले. ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. ‘‘मामाआजोबा, तुम्ही मला विकायला काढलंत ना, तर फुकटसुद्धा कुणी नेणार नाही.’’ दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जाऊ लागली. तुमचे गुडघे दुखतात, म्हणाली. माझे गुडघे तेव्हा दुखत नव्हते.

संध्याकाळी ती परत आली की आम्ही फार बोलत नसू. ती जमिनीवर मांडी घालून वही उघडायची, मी खुर्चीत वाचायचो. खोलीत दुसरे माणूस वाचत बसले आहे, याची मला सवय नव्हती. ग्रंथालयात एवढी माणसे वाचत बसत, पण ती वरच्या मजल्यावर आणि मी तळघरात. पान उलटल्याचा आवाज झाला की मी उगीच मान वर करायचो. तिच्या लक्षात आले असावे, कारण पुढे ती पाने हळू उलटू लागली. मला सांगायचे होते की तशी गरज नाही. ते राहून गेले.

पंधराव्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तिची पथारी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती आणि बॅग दाराशी होती. मी काही बोललो नव्हतो. पुस्तिका टेबलावरच असायची, बोलायची गरज पडली नाही. प्रवाशांच्या एका वसतिगृहात आठ जणींच्या खोलीत वरची खाट मिळाली आहे, म्हणाली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. बस हलताना तिने काचेवर बोटाने कासव काढले.

पुढचे तीन महिने ती अशीच राहिली. काही दिवस ती खाट, मग एका वर्गमैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर, मैत्रिणीच्या घरमालकाला कळेपर्यंत. मग परत खाट. दर रविवारी फोन करायची. दिवसभर वर्ग, प्रयोगशाळा, आणि मधल्या वेळात खोल्या. तिचे सामान एव्हाना तीन ठिकाणी विभागलेले होते. थंडीचा कोट एकीकडे, वह्या एकीकडे. एकदा म्हणाली, ‘‘काल मी झोपेत उठून आधी विचार केला, भिंत कुठल्या बाजूला आहे.’’ मी म्हटले, जपून राहा. रिसीव्हर ठेवल्यावर मला नेहमी खूप बोलायला सुचते.

एका दुपारी टपालात तिचे पत्र आले. शहरातल्या शहरात. वर मायना लिहिला होता, ती. मामाआजोबांस बारकीचा सा. न. तो तिला तिच्या आजीने शिकवला असणार. पुढे लिहिले होते:

‘फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही हो म्हणाल आणि मग तुमची झोप उडेल. पत्रात नाही म्हणायला सोपं जातं, म्हणून पत्र. मला एक खोली मिळते आहे. चष्म्याच्या दुकानाच्या वर, मागच्या बाजूला. आधी तिथे काचा घासायचं काम चालायचं. खिडकी आहे, बेसिन आहे, भाडं मला परवडतं, आणि बाई पत्त्याच्या कागदावर सही करायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. आधीच्या घरमालकाचं पत्र हवं. मी म्हटलं आईचं आणते, प्राध्यापकांचं आणते. त्या म्हणाल्या, आई चांगलंच लिहिणार आणि प्राध्यापकाने तुला झोपलेली पाहिलेली नाही. ज्याच्या छपराखाली राहिलीस त्याचं आण. मामाआजोबा, या शहरात मी कुणाच्या छपराखाली राहिले असेन तर तुमच्याच. दोन ओळी लिहून द्याल का? मी किती दिवस राहिले आणि कशी राहिले, एवढंच. खोटं काही लिहू नका. बाई पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. नाही जमलं तरी रागावणार नाही.’

खाली सही आणि सहीशेजारी कासव.

पत्र आले तो मंगळवार होता. शुक्रवार यायला दहा दिवस होते. मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. ‘सदर मुलगी माझ्या घरी’ एवढे लिहिले आणि थांबलो. घर माझे नव्हते. ‘माझ्या भाड्याच्या खोलीत’ असे केले, तर मी घरमालक नाही हे उघड होत होते, मग पत्राला अर्थ काय? दुसऱ्या कागदावर ‘घरमालक’ हा शब्द टाळून लिहिले. ते वाचताना लपवाछपवी केल्यासारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आले की आमच्या इमारतीचे व्यवस्थापक चष्मा लावतात. ते तो कुठून करून घेत असतील? शहरात चष्म्याची दुकाने पुष्कळ आहेत, हे मला कळत होते. तरी मला डोळ्यांसमोर दिसले की बाई काउंटरवरून माझे पत्र त्यांना दाखवताहेत आणि ते विचारताहेत, किती रात्री? चौदा, मी खरेच मोजलेल्या होत्या. पण बारकी आली ती पहाट धरायची की नाही? धरली तर पंधरा होत होत्या.

असे आठ दिवस गेले. मोठ्या माणसाने हे कबूल करावे का, मला ठाऊक नाही. आठ दिवस मी त्या पहाटेचा विचार करत होतो.

शुक्रवारी मी ठरवले की लिहून होत नाही तर तोंडी सांगून यावे. बाईंना भेटावे, मी तिचा आजोबा, ती माझ्याकडे राहिली, मुलगी हिऱ्यासारखी आहे, असे म्हणावे. वाटेत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले की ‘हिऱ्यासारखी’ला काही अर्थ उरला नाही. दुकान छोटे होते. काचेत चौकटी मांडलेल्या, आत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. मी दार ढकलले, वरची घंटा वाजली. मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, ‘‘तपासायचे आहेत ना? या, बसा, आत्ता कुणी नाही.’’ आणि मी बसलो.

माझे डोळे तपासायचे नव्हते. पण बाईंनी खुर्ची पुढे केली होती, दिवा लावला होता, आणि नाही म्हणायची वेळ निघून गेली होती. त्यांनी माझी हनुवटी एका पट्टीवर टेकवली, कपाळ दुसऱ्या पट्टीला लावायला सांगितले. हलू नका, म्हणाल्या. मग समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायला सांगितली. मी वरच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी वाचली. बाई काचा बदलत विचारत राहिल्या, हे स्पष्ट की हे? पहिले की दुसरे? मला आयुष्यात कधी एकदम सांगता आलेले नाही. दोन्ही सारखी वाटतात, म्हटले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्यासारखे गिऱ्हाईक रोज एक आले तर माझे दुकान बंद पडेल.

मी विचार करत होतो की हनुवटी सुटली की सांगू. तेवढ्यात वरून पावले वाजली. मी नजर वर केली असावी. बाई म्हणाल्या, वरची खोली भाड्याने द्यायची आहे, रंगारी आलाय. मग काचा पुसता पुसता बोलू लागल्या, गिऱ्हाइकाशी बोलतात तसे. एक परदेशी मुलगी येऊन गेली. उंच, हसरी, बेसिनचा नळ गळत होता तो तिने तिथल्या तिथे आवळून दिला. तिलाच द्यायची होती. मागच्या भाडेकरूने फार मनस्ताप दिला, म्हणून एक पत्र तेवढे मागितले.

‘‘आज शेवटचा दिवस. नाही आलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वाईट वाटतं हो. पण ज्याच्याकडे राहिली त्याला दोन ओळी लिहाव्याशा वाटत नाहीत, म्हणजे काहीतरी असणारच ना? लोक वाईट लिहीत नाहीत. नुसते गप्प बसतात. त्यावरून कळतं.’’

माझी हनुवटी पट्टीवर होती, कपाळ पट्टीला होते. मी हललो नाही. आता बोललो तर पहिला प्रश्न येणार होता की मग आत्तापर्यंत गप्प का होतात? त्याचे उत्तर मी तयार करून आणले नव्हते. बाईंनी दिवा मालवला आणि म्हणाल्या, ‘‘नजर या वयात इतकी चांगली मी पाहिली नाही. तरी वाचायला हलका नंबर देते.’’ मी हो म्हटले. चौकट निवडा म्हणाल्या, मी जी जवळ होती ती उचलली. नाव आणि पत्ता लिहून दिला. तोंडातून शब्द निघाले ते एवढेच की केव्हा येऊ? पुढच्या शनिवारी, बाई म्हणाल्या. दारावरची घंटा पुन्हा वाजली आणि मी रस्त्यावर होतो. खिशात तीन मसुदे होते, तीनही अर्धवट.

दुकान बंद व्हायला अजून दोन तास होते. तेवढा वेळ मी पलीकडच्या बाकावर बसून होतो. मग दुकानातले दिवे मालवले.

पुढच्या शनिवारी चष्मा आणायला गेलो तेव्हा वरच्या खिडकीत कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

बारकीने त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी फोन केला. पत्राचे नाव काढले नाही. ती खोली गेली, पण दुसरे काहीतरी बघते आहे, म्हणाली. मला वाटते मी म्हटले, बरे झाले. नक्की आठवत नाही, आणि आठवले नाही तर बरे. त्यानंतर तिला शहराबाहेर, बसने दीड तासावर, एका घराच्या स्वयंपाकघरात झोपायला जागा मिळाली. ओट्याखाली कपडे ठेवायचे, घरातल्यांची जेवणे उरकली की गादी पसरायची, सकाळी घरातले उठायच्या आत गुंडाळायची. घरमालक बिनपावतीचे भाडे घ्यायचा, कागदावर सही करणार नाही हे त्याने आधीच सांगितले होते. बारकीला वाटले होते की मुदतीच्या आत सही देणारे कोणीतरी सापडेल.

मुदत संपायच्या आधल्या आठवड्यात आमचे व्यवस्थापक माझ्या खोलीत धूर झाला की वाजणारी छतावरची घंटा तपासायला आले. स्टुलावर चढून बटण दाबता दाबता त्यांनी विचारले, ‘‘तुमची ती उंच नात कुठे गेली हो? दिसत नाही. मी तिच्यासाठी दुसरी किल्ली करून ठेवली होती, तुम्ही मागायला आलाच नाहीत.’’ मी म्हटले, चौदा रात्रींचा नियम आहे ना? ते स्टुलावरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, अहो, पहिल्या मजल्यावरच्या आजींचा भाचा दोन वर्षं आहे. तो नियम भांडण झाले तर काढायला ठेवलेला असतो. नातवंडांना कोण मोजतं? तुम्ही अर्ज दिला असता तर मी तिचा पत्तासुद्धा इथे नोंदवून दिला असता, तसा फॉर्म असतो. ‘‘पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे की. तुम्ही तर वाचणारे.’’

ते गेल्यावर मी पुस्तिका काढली. फॉर्म शेवटच्या पानाला आतून चिकटवलेला होता. पान कव्हराला जोडले गेले होते, खळ जास्त झाली की होते तसे. असली चिकटलेली पाने ओली फडकी लावून सुटी करण्यात माझे सगळे आयुष्य गेले आहे.

मी त्याच संध्याकाळी बारकीला फोन केला. स्वतःहून केलेला तो माझा पहिला फोन. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, नोंदणीच्या कचेरीत भेटीची वेळ मागितली की ती पाच आठवड्यांनंतरची मिळते, तिची मुदत सहा दिवसांत संपते, तिने कालच चौकशी केली होती. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून कचेरीच्या दाराशी गेलो. रांगेत चार तास उभे राहिलो. काचेपलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याने फॉर्म नीट वाचला आणि म्हणाला, महिनाभर आधी आणला असता तर झाले असते.

बारकी परत गेली. पहिल्या सत्राचेच दोन पेपर आणि प्रयोगशाळेचे काम राहिले. तिचा कोट अजून कोणाकडे तरी आहे. विमानतळावर तिने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘‘जपून राहा, मामाआजोबा.’’ मी तिला फोनवर म्हणायचो तेच.

त्यानंतर मी पत्र खणात ठेवले आणि रोज बाजूला सारत राहिलो. आता उत्तर देऊन काय उपयोग, हा विचार रोज केला. रोज मला तो पटत असे. तिकडे ती एका रक्ततपासणीच्या केंद्रात काउंटरवर बसते, लोकांना त्यांचे अहवाल पाकिटात घालून देते. अभ्यासक्रम पुरा करायचे आता कोणी बोलत नाही. इथून शिक्का लागून परत गेलेल्याला परवाना पुन्हा मिळणे कठीण असते.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. ताई आता ब्याऐंशीची आहे, एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगते. बोलता बोलता म्हणाली, तुमच्या तिकडच्या टपालखात्याला काय म्हणावे, तुझे ते पत्र हरवले आणि पोरीचे वर्ष गेले. मी विचारले, कोणते पत्र? ‘‘अरे, तू तिला खोलीसाठी लिहून दिलं होतंस ते. बारकी सांगते ना, मामाआजोबांनी दुसऱ्याच दिवशी लिहून पाठवलं होतं, इतकं सुंदर लिहिलं होतं, पण वाटेत कुठे गहाळ झालं. तिच्या आईला वाटत होतं तू काही केलं नाहीस म्हणून. बारकीने तिला चांगलं झापलं.’’ ताई म्हणाली, तू काय तिथे लाइनवर आहेस का झोपलास?

तीन वर्षे ती माझ्या न लिहिलेल्या पत्राचे कौतुक घरात सांगते आहे.

आज सकाळी मी त्या दिवशी करून घेतलेला चष्मा पहिल्यांदा लावला आणि लिहायला बसलो. आधी चि. बारकीस अनेक आशीर्वाद. मग जे झाले ते, दुकान, हनुवटीची पट्टी, बाक, सगळे. तिने माफ करावे असे लिहिले नाही. लिहिले तर तिला ते करावे लागेल. दुसऱ्या कागदावर, तिने मागितले होते ते पत्र लिहिले:

‘संबंधितांस. मी घरमालक नाही, भाडेकरू आहे. ही मुलगी माझ्या खोलीत चौदा रात्री आणि एक पहाट राहिली. रोज सकाळी माझ्या आधी उठून तिने पथारी आवरली. पेले धुऊन पालथे घातले. पाने हळू उलटली. माझ्या खिडकीची कडी दहा वर्षे लागत नव्हती, ती आता लागते. ती गेल्यावर खोलीत काही मोडलेले किंवा हरवलेले आढळले नाही. माझ्याकडे खोली असती तर मी ती हिला दिली असती.’

शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचले, कारण खोटे काही लिहू नका असे तिने सांगितले होते. खोली माझ्याकडे होती. मी ते वाक्य खोडले. खाली सही केली, तारीख आजची घातली. या दुसऱ्या कागदाला सगळी मिळून वीस मिनिटे लागली.

टपालपेटी आमच्या इमारतीच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. हल्ली कोणी पत्रे टाकत नाही, म्हणून ती आठवड्यातून एकदाच उघडतात, सोमवारी. आज मंगळवार आहे. मी तिकिटे लावलेली पुन्हा तपासली, पत्ता पुन्हा वाचला आणि पाकीट फटीतून आत सोडले. ते पत्र्याच्या तळाला लागल्याचा आवाज स्पष्ट आला. पेटीत दुसरे काही नव्हते.